स्कॉच, बर्बन, आयरिश... व्हिस्की व्हिस्कीत नक्की फरक काय असतो?

बंड्या_रत्नांग्री

मंडळी एक शंका आहे, हसायचं नाही. मी काय मुरलेला पिणारा नाही, मित्र जमले की दोन पेग, रॉयल स्टॅग म्हणजे आपली आरएस नाहीतर ब्लेंडर्स प्राइड, सोडा पाणी निम्मंनिम्मं, सोबत तळलेले काजू असले तर चैन नाहीतर फरसाण, इथवरच आपलं ज्ञान. आता झालंय असं की चुलतभाऊ बोटीवर असतो तो सुट्टीवर आलाय आणि येताना ड्युटी फ्रीमधनं एकेक लिटरच्या दोन बाटल्या घेऊन आलाय, एक जिम बीम आणि एक लाफ्रॉइग १० वर्षंवाली. भावोजींनी मुंबईवरनं जेमसन आणून ठेवलेली आधीपासनं आहेच. तिन्ही म्हणे व्हिस्कीच. पण लाफ्रॉइगचं नुसतं बूच काढलं तर बायको आतनं ओरडली की वायर जळतेय का कुठे बघा जरा!! जिम बीम गोड गोड लागली आणि जेमसन तर घशाखाली कधी गेली कळलंच नाही. एकाच नावाच्या तीन वस्तू इतक्या वेगळ्या कशा काय? आणि सिंगल माल्ट म्हणजे सगळ्यात भारी असं सगळे सांगतात ते खरं का, १० वर्षं १२ वर्षं म्हणजे नक्की काय मोजतात, आणि यात सोडा घातला तर पाप लागतं का? शनिवारी चौघं बसणार आहोत, त्याआधी कोणीतरी नीट सांगा, गुगलवर वाचलं तर डोकं फिरलं.

गलबत_वेंगुर्ला

बंड्याभाऊ, हसायचं काय त्यात, बारमध्ये ऐटीत "स्कॉच आण" म्हणणाऱ्या बहुतेकांना हे माहीत नसतं. मी पण बोटीवरच होतो, आता घरी आंबा काजू बघतो, त्यामुळे वेळच वेळ आहे, सविस्तर लिहितो.

व्हिस्की म्हणजे मुळात धान्याची दारू. धान्य आंबवायचं, गाळायचं (म्हणजे तापवून वाफ धरायची आणि थंड करायची), लाकडी पिंपात मुरवायचं. फरक पडतो तो धान्य कुठलं, गाळलं कसं आणि पिंप कसलं यानं, बाकी लेबलावरचं हरीण आणि सोनेरी अक्षरं म्हणजे नुसती सजावट.

तुझी जिम बीम ही बर्बन. बर्बनमध्ये कायद्यानं किमान ५१ टक्के मका लागतो, म्हणून तो गोडवा. आणि पिंप दरवेळी कोरं करकरीत, ओकचं, आतनं जाळून कोळसा केलेलं. व्हॅनिला, जळक्या साखरेचा जो वास येतो तो त्या लाकडातनं येतो, वरनं रंग किंवा चव मिसळायला परवानगीच नाही. केंटकीतच बनायला पाहिजे असं पण नाही, अमेरिकेत कुठेही चालते, १९६४ साली त्यांच्या संसदेनं ठराव करून ही आमची खास वस्तू असं जाहीर केलं होतं. आता बघ, पिंप एकदाच वापरायचं म्हटल्यावर वापरलेल्या पिंपांचा डोंगर होणार, ती मग जातात स्कॉटलंडला आणि आयर्लंडला, तिथे त्यांना जुनीच पिंपं हवी असतात कारण कोऱ्या लाकडानं त्यांची व्हिस्की दबून जाते. म्हणजे तुझ्या घरातली लाफ्रॉइग मुरलीय ती बर्बनच्याच जुन्या पिंपात. जॅक डॅनियल्स लोक बर्बन समजून पितात, ती पण बर्बनसारखीच बनते, फक्त पिंपात भरायच्या आधी मेपल लाकडाच्या कोळशातनं झिरपवून घेतात आणि टेनेसी व्हिस्की म्हणवून घेतात.

जेमसन आयरिश. आयरिश लोक बहुतेक करून तीनदा गाळतात, स्कॉटलंडात साधारण दोनदा, आणि जेवढं जास्त गाळाल तेवढी दारू हलकी होत जाते, म्हणून तुला ती घशाला लागली नाही. शिवाय धूर नसतो सहसा. जेमसन हे ब्लेंड म्हणजे मिश्रण आहे, त्यात एक भाग पॉट स्टिल व्हिस्कीचा, म्हणजे मोड आलेली आणि बिनमोडाची अशी दोन्ही बार्ली एकत्र गाळलेली. ही सवय त्यांना लागली सरकारमुळे, मोड आणलेल्या बार्लीवर म्हणजे माल्टवर कर होता, तो वाचवायला गड्यांनी कच्ची बार्ली मिसळायला सुरुवात केली आणि तीच चव पुढे त्यांची ओळख झाली. कर चुकवण्यातनं इतकं चांगलं काही निघाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

आणि लाफ्रॉइग. ही स्कॉच, स्कॉच म्हणजे स्कॉटलंडातच बनलेली, तिथेच ओकच्या पिंपात कमीत कमी ३ वर्षं मुरलेली आणि ४० टक्क्यांच्या खाली नाही. त्यातही ही आयला बेटावरची (हसू नका, बेटाचं नावच ते आहे). तिकडे झाडं कमी आणि दलदल फार. त्या दलदलीत हजारो वर्षं साचलेला अर्धवट कुजलेला झाडपाला म्हणजे पीट, तो विटांसारखा कापून वाळवून जाळतात. बार्लीला मोड आले की ते थांबवायला ती सुकवावी लागते, पीटच्या धुरावर सुकवली की धूर दाण्यात बसतो तो बाटलीपर्यंत येतो. आपल्याकडे पावसाआधी शेतात पालापाचोळा जाळून भाजावळ करून घरी आलो की कपड्यांना जो वास असतो ना, त्यात थोडं आयोडीन आणि समुद्राचा खारा वारा घाल, झाली लाफ्रॉइग. वहिनींचं नाक बरोबर आहे, फक्त वायर नाही. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती तेव्हा ही औषध म्हणून विकली जायची असं सांगतात, वास घेतलास तर पटेल.

सगळी स्कॉच अशी नसते पण. स्पेसाइड भागातली ग्लेनफिडिक किंवा ग्लेनलिव्हेट घेतलीस तर धूर जवळजवळ नाहीच, सफरचंद, नासपती, मध असल्या वासाची. एक लाफ्रॉइग पिऊन "आपल्याला स्कॉच आवडत नाही" असं ठरवू नको.

झिलगो_मालवण

मेल्या वायर जळता म्हणान बाटली कोणाक देव नको, माका धाड. बाकी वयर सांगितल्यानी ता बरोबर आसा. माझा एकच म्हणणा, बरफ भरभरून घालशीत तर चव मरतली, थंड झाली की वासच येणा नाय. आणि तिखट शेव फरसाण नको, जीभ भाजल्यार व्हिस्की कळतली कशी? कालवां गावली तर तव्यार परत आणि लाफ्रॉइग वांगडा खा. थंय त्या बेटार लोक कालवांवर व्हिस्कीचे चार थेंब घालून खातत. आपली पद्धत बरी, भाजून खा.

माल्टप्रेमी_दापोली

सिंगल माल्ट एके सिंगल माल्ट. एकाच पिंपातली शुद्ध दारू असते ती, ब्लेंडेड म्हणजे भेसळ. एकदा माल्टची सवय लागली की आरएसकडे बघवत नाही. आणि १२ वर्षांच्या खालचं घेऊच नये, सरळ १८ घ्यावी. सोडा वगैरे घालणाऱ्यांनी बिअर प्यावी.

गलबत_वेंगुर्ला

दापोलीकर, शांतपणे घ्या. सिंगल म्हणजे एक पिंप नाही हो, एक डिस्टिलरी, म्हणजे दारू गाळायचा कारखाना. एकाच डिस्टिलरीतली, फक्त माल्ट केलेली बार्ली, तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये म्हणजे हंड्यासारख्या भांड्यात गाळलेली, इतकंच. ग्लेनफिडिकच्या एका बाटलीत कितीतरी पिंपांचं मिश्रण असतं, नाहीतर दरवेळी चव सारखी कशी येईल? एकाच पिंपातली हवी असेल तर लेबलावर सिंगल कास्क किंवा सिंगल बॅरल लिहिलेलं बघा.

ब्लेंडेड स्कॉच म्हणजे माल्ट आणि ग्रेन व्हिस्की एकत्र. ग्रेन व्हिस्की गहू मक्याची, उंच कॉलम स्टिलमध्ये न थांबता गाळली जाते. ते यंत्र सुधारून १८३० साली पेटंट घेतलं एनियस कॉफी नावाच्या माणसानं, आयर्लंडात अबकारी खात्यात होता, आणि मजा म्हणजे आयरिश डिस्टिलरीवाल्यांनी नाक मुरडलं, स्कॉटलंडवाल्यांनी ते उचललं आणि जग जिंकलं. जॉनी वॉकर, शिवास, टीचर्स सगळी ब्लेंड. जगात जी स्कॉच खपते त्यातली बहुतेक ब्लेंडेडच असते. तीसचाळीस पिंपांच्या चवी डोक्यात ठेवून दरवर्षी तीच चव आणणारा मास्टर ब्लेंडर भेसळ करत नाही, मला तर तेच काम जास्त अवघड वाटतं.

आणि वय म्हणजे बाटलीतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं वय. १२ लिहिलंय म्हणजे आतलं काहीही १२ च्या खालचं नाही, २० वर्षांचं थोडं असू शकतं. बाटलीत भरल्यावर वय थांबतं, काकांनी कपाटात ठेवलेली १२ वर्षांची बाटली आज पण १२ चीच. जास्त वय म्हणजे जास्त लाकूड, जास्त चांगली असं नाही. धुराची व्हिस्की तर वयानं मवाळ होते, ज्याला धूरच हवाय त्यानं १८ वर कशाला पैसे घालायचे.

शंभू_२३

मी पण ट्राय करू का? मित्राकडे जिम बीम आहे

काउंटरवाला_बांदा

शंभू, नावातला आकडा वय असेल तर थांब, महाराष्ट्रात व्हिस्कीला २५ लागतात आणि परमिट. बिअरला २१.

बंड्या, मी गोव्यात बारवर काम करतो, घर बांद्याला. बाहेरच्यांचं झालं, आता आपल्या बाटलीबद्दल सांगतो, कारण ते कोणी सांगत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्क्यांचा पाया असतो न्यूट्रल स्पिरिट, म्हणजे इतकं गाळलेलं की मूळ वस्तूची चवच उरत नाही. काहींत ते उसाच्या मळीचं असतं, काहींत धान्याचं, मग त्यात थोडी माल्ट, थोडी आयात स्कॉच मिसळून चव आणतात. मळीवाली युरोपात व्हिस्की म्हणून विकता येत नाही, त्यांच्या हिशोबानं ती रमच्या जवळची. तू घेतोस त्या दोन्ही धान्याच्या स्पिरिटवर स्कॉच माल्ट मिसळून केलेल्या, मागचं लेबल वाच, लिहिलेलं असतं. गिऱ्हाईक पुढचं लेबल वाचतं आणि किंमत वाचतं, मागे कोणी बघत नाही. वाईट आहे असं मी म्हणत नाही, सोड्यातनं प्यायला ती बनवलेलीच आहे, पण तिला नुसती पिऊन "व्हिस्की कडू असते" असं म्हणू नये.

आकडे पण बघ. आपल्या बाटलीवर ४२.८ टक्के असतं, सोबत ७५ डिग्री प्रूफ किंवा २५ यूपी (अंडर प्रूफ, म्हणजे १०० ला २५ कमी) असं लिहितात, जुना ब्रिटिश हिशोब तो, त्यात ५७ टक्क्यांच्या आसपास म्हणजे १०० प्रूफ. अमेरिकन बाटलीवर ८० प्रूफ लिहिलेलं दिसलं म्हणून घाबरू नको, त्यांचा हिशोब वेगळा, ८० म्हणजे ४० टक्के. इकडे मिळणाऱ्या काही ब्लेंडेड स्कॉच पिंपानं आणून भारतातच बाटलीत भरतात, ती स्कॉचच असते. सिंगल माल्ट मात्र २०१२ पासून स्कॉटलंडातच बाटलीत भरावी लागते.

आणि भारतात चांगली सिंगल माल्ट होत नाही असं ज्याला वाटतं त्यानं डोळे उघडावेत. बंगळुरूच्या अमृतनं २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट आधी ग्लासगोमध्येच विकायला काढली, सिंहाच्या गुहेत. आमच्या गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन बनते, २०१२ मध्ये ती पण पहिली इंग्लंडात गेली. इकडच्या माल्टवर वय का नसतं विचारतात लोक. स्कॉटलंडात पिंपातनं वर्षाला साधारण २ टक्के दारू उडून जाते, गोव्याच्या गरमीत त्याच्या चार-पाच पट. बारा वर्षं ठेवली तर पिंपात उरणार काय? पण त्याच गरमीमुळे लाकूड लवकर मुरतं, चार-पाच वर्षांत तयार होते. पॉल जॉनची ब्रिलियन्स बिनधुराची, एडिटेडला हलका धूर, बोल्डला भरपूर. लाफ्रॉइगला घाबरलेल्या माणसाला मी आधी एडिटेड देतो.

फक्त गोव्यातनं स्वस्तात घेऊन ये असं कोणाला सांगू नको. गोव्याची बाटली गोव्यापुरतीच असते, परमिट नसलं तर इन्सुलीच्या नाक्यावर गाडी उघडतात आणि मग ती बाटली लाफ्रॉइगपेक्षा महाग पडते.

सुरंगी_गुहागर

मी केमिस्ट्री शिकवते, आणि घरी नवऱ्यापेक्षा व्हिस्कीतलं मला जास्त कळतं, हे आधी सांगून टाकते. बंड्यादादा, पाण्याबद्दल कोणी नीट बोललं नाही. नुसती पिण्यात काही मर्दुमकी नाहीये. थोडं पाणी घातलं की वास मोकळा होतो, आणि याला कारण आहे. धुराचा वास देणारा ग्वायाकॉल नावाचा रेणू असतो, २०१७ मध्ये स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी कॉम्प्युटरवर मांडून दाखवलं की अल्कोहोल ४५ टक्क्यांच्या खाली असलं तर तो रेणू द्रवाच्या पृष्ठभागाजवळ येतो, जिथनं नाकाला मिळतो. अल्कोहोल जास्त असलं की तो त्यात आत गुरफटून राहतो. म्हणून पंचावन्न साठ टक्क्यांची कास्क स्ट्रेंग्थ, म्हणजे पिंपातनं पाणी न मिसळता भरलेली, आणाल तेव्हा पाणी घालायचंच. तुमची लाफ्रॉइग मुळात त्याच्या खाली असेल, तिला चमचाभर पुरे, आणि क्लोरीनचा वास असलेलं नळाचं नको, विहिरीचं गाळून उकळून गार केलेलं चालेल.

पेला तोंडाशी निमुळता घ्या, स्टीलचा नको. नाक आत खुपसायचं नाही, तोंड थोडं उघडं ठेवून लांबनं वास घ्यायचा, नाहीतर अल्कोहोलनं नाक बधिर होतं आणि मग सगळ्या सारख्याच. तीस मिलीच ओता, साठ नको. क्रम जेमसन, जिम बीम, लाफ्रॉइग असाच ठेवा, धूर पहिला घेतलात तर पुढच्या दोन्हींत धूरच लागेल. मधे पाणी आणि साधा पाव.

सोड्याचं पाप वगैरे काही नाही. जपानी माणूस व्हिस्कीत बर्फ आणि सोडा घालून हायबॉल पितो आणि त्यांची व्हिस्की जगात मानतात. फक्त पहिला घोट कोरा घ्या, मग काय हवं ते घाला, म्हणजे काय बुडवलं ते तरी कळेल. मी स्वतः जेमसनमध्ये सोडा आणि बिनसाखरेचं कोकम आगळ अगदी अर्धा चमचा घालते. दापोलीकरांनी हे वाचलं नसेल अशी आशा.

माल्टप्रेमी_दापोली

वाचलं. आगळ!!! असो. पिंपाचा मुद्दा मान्य. ब्लेंडचा मान्य नाही.

बंड्या_रत्नांग्री

शनिवार झाला, सगळ्यांना धन्यवाद. सुरंगीताईंनी सांगितला तसाच क्रम ठेवला, कालवं मिळाली नाहीत, भरती ओहोटीचं गणित चुकलं बाजारवाल्याचं, मग तिसऱ्या (शिंपल्या) केल्या सुक्या, कमी तिखटाच्या. भावानं एक डाव खेळला, चौथ्या पेल्यात गुपचूप आरएस ओतली आणि ओळखा म्हणाला. दोघांनी तिला जेमसन सांगितलं 😂 पण पाणी घातल्यावर फरक कळला, जेमसनचा वास टिकला आणि आरएसचा पटकन विरला. जिम बीम सगळ्यांना आवडली, विशेष करून ज्याला गोड चालतं त्याला. लाफ्रॉइगला दोघांनी हात जोडले, भाऊ आणि मी राहिलो. पहिल्या घोटाला अंगावर काटा आला, चमचाभर पाणी घातल्यावर धुराच्या मागनं गोडसर काहीतरी यायला लागलं, आणि नंतर अर्धा तास तोंडात तोच वास. आवडली असं लगेच म्हणणार नाही, पण परत घ्यावीशी वाटतेय. सगळे आमच्याकडेच झोपले, गाडी कोणी काढली नाही.

आता शेवटचं. लाफ्रॉइग पाऊण बाटली उरलीय आणि माझा वेग बघता दिवाळी काय शिमगा पण उजाडेल. ठेवायची कशी? फ्रीजमध्ये? आणि आमच्याकडे पावसात भिंतीला पण बुरशी येते.

काउंटरवाला_बांदा

फ्रीज नको. उभी ठेव, आडवी वाईनची ठेवतात, व्हिस्की आडवी ठेवली तर तिच्या अल्कोहोलनं बूच कुजतं आणि तुकडे आत पडतात. उन्हापासनं लांब, कपाटात, खोक्यातच. पावसात लेबलाला बुरशी आली तर पुसून टाक, आतल्या दारूला काही होत नाही, फक्त बूच घट्ट बसलंय ना ते बघ. पाऊण भरलेली आहे तोवर वर्षभर घोर नाही. अर्ध्याच्या खाली गेली की आत हवा वाढते, धूर हळूहळू कमी होत जातो, तेव्हा छोट्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून ठेव.

झिलगो_मालवण

नायतर सांगितलंय मा पयलाच, माका धाड.